आयझलवर्थचे जळालेले चर्च



छत्तीस वर्षे मुंबईच्या बंबखान्यात काढली, पण १४ एप्रिलला मला एकदाही सुट्टी मिळाली नाही. सगळी वस्ती निळ्या पताकांनी सजलेली, पोरांच्या अंगावर नवे कपडे, आणि मी गणवेशात. आमच्या खात्यातही तोच दिवस पाळला जातो. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकिन’ नावाचे जहाज पेटले. पोटात कापसाच्या गासड्या आणि त्यांच्याच बरोबर दारूगोळा. दुपारी चारनंतर दोन स्फोट झाले आणि आग विझवायला गेलेले आमचे ६६ जवान परत आले नाहीत. म्हणून देशभर हा दिवस अग्निशमन सेवा दिन. सकाळी त्यांना मानवंदना द्यायची आणि रात्री घरी येऊन बाबासाहेबांच्या फोटोपुढे मेणबत्ती लावायची, असे माझे वर्षानुवर्षे चालले.

हे आधीच सांगितले, कारण पुढे जे लिहिणार आहे ते बंबवाल्याच्या डोळ्यांनी पाहिलेले आहे. कोणत्याही इमारतीत पाय ठेवला की माझी नजर पहिल्यांदा वर जाते. छप्पर कशाचे आहे, लाकूड किती आहे, बाहेर पडायला दुसरा दरवाजा कुठे. लग्नाच्या हॉलमध्येसुद्धा मी हेच पाहतो. बायको म्हणते, जरा नवरानवरीकडे पाहा.

२०१९ च्या मे महिन्यात पुतण्याकडे लंडनला गेलो होतो. त्याची बायको नर्स आहे. विसेक वर्षांपूर्वी तिकडच्या सरकारी दवाखान्यांनी आपल्याकडून पुष्कळ नर्सेस नेल्या, त्यांत तीही गेली आणि पाठोपाठ हा. तो विमानतळावर मालाच्या गोदामात काम करतो. राहायला हाऊन्स्लो भागात. आपल्या लोकांना लंडन म्हटले की राणीचा राजवाडा आणि मोठे घड्याळ आठवते. हाऊन्स्लोत यांपैकी काही नाही. डोक्यावरून दर दोन-चार मिनिटांनी विमान जाते, इतके खाली की पोट दिसते. रस्त्याला पंजाब्यांची दुकाने, बाहेर मेथीच्या जुड्या आणि कोथिंबीर. सकाळच्या बसमध्ये सगळे कामावर निघालेले, डोळे अर्धे मिटलेले. मला एकदम लोअर परळची पहिली पाळी आठवली.

पहिल्या रविवारी अर्थातच किंग हेन्रीज रोडवर गेलो. १० नंबरच्या ज्या घरात बाबासाहेब १९२१-२२ मध्ये शिकत असताना राहिले, ते घर महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये विकत घेतले. त्याबद्दल आपल्या पत्रांतून पुष्कळ लिहून आले आहे, म्हणून इथे वाढवीत नाही. एवढेच सांगतो की त्या दारात उभा राहिलो आणि पाच मिनिटे कुणाशी बोललो नाही.

दुसऱ्या रविवारी पुतण्या म्हणाला, “काका, तुम्हांला एक चर्च दाखवायचंय.”

मला नवल वाटले. हा पोरगा कधी देवाधर्माच्या वाटेला जाणारा नाही. विहारात वंदनेला बसवला तरी मागच्या रांगेत बसायचा. म्हटले, “चर्च? आणि ते का रे?”

“जळालेलं आहे,” तो म्हणाला. “तुमच्या खात्यातलं.”

बसने पंधरा-वीस मिनिटांत आयझलवर्थला उतरलो. लिहिताना इंग्रजीत ‘आयल’सारखे दिसते, पण तिथले लोक ‘आयझल’ म्हणतात. बसच्या रस्त्यापासून आत वळले की लंडन संपल्यासारखे वाटते. चर्च स्ट्रीट नावाची अरुंद गल्ली, जुनी विटांची घरे, आणि गल्लीच्या टोकाला टेम्स नदी. समोर पात्रात झाडांनी भरलेले एक बेट. समुद्र कितीतरी मैल लांब, तरी इथवर भरती-ओहोटी येते. मोठ्या भरतीला पाणी रस्त्यावर चढते. आम्ही गेलो तेव्हा ओहोटी होती. चिखलात बदके फिरत होती आणि वास अगदी माहीमच्या खाडीचा.

काठावर ‘लंडन अप्रेंटिस’ नावाचे जुने दारूचे दुकान आहे. अप्रेंटिस म्हणजे कारागिराच्या हाताखाली शिकणारा उमेदवार. सुट्टीच्या दिवशी शहरातली ही पोरे होड्या वल्हवीत इथवर यायची आणि इथे बसायची, म्हणून हे नाव पडले असे सांगतात. कामगार पोरांच्या नावाने एवढी जुनी इमारत ओळखली जाते याचे मला बरे वाटले. आत मात्र गेलो नाही, पंचशील आडवे आले.

आणखी एक गोष्ट पुतण्याने सांगितली, ती बायकांना सांगण्यासारखी आहे. आपल्याकडे बाळंतिणीला भेट म्हणून जो पीअर्स साबण नेतात, ज्यातून पलीकडचे दिसते, तो १८६२ पासून सुमारे शंभर वर्षे याच गावात तयार होत होता. आपल्याकडे तो श्रीमंतांचा साबण. माझ्या आईने एक वडी दोन वर्षे पेटीत कपड्यांच्या घडीत ठेवली होती, वासासाठी. पण याच साबणाची राणी व्हिक्टोरियाच्या काळातली एक जाहिरात आहे. काळे पोर टबात बसवले आहे, आणि अंग धुऊन बाहेर काढले तर मानेखाली गोरे झाले आहे. म्हणजे काळेपणा हाच मळ! बाटणे आणि शुद्ध होणे या कल्पना फक्त आपल्याकडेच होत्या असे नाही. त्यांनी तिच्यावर पैसे कमावले, एवढाच फरक. असो.

आता चर्चकडे वळू. नाव ‘ऑल सेंट्स’, म्हणजे सर्व संतांचे. हे अँग्लिकन पंथाचे आहे. आठव्या हेन्री राजाने सोळाव्या शतकात रोमच्या पोपशी संबंध तोडला आणि इंग्लंडचे चर्च वेगळे झाले, ते हे. आपल्याकडे कुलाब्याचे अफगाण चर्च त्यांनीच बांधलेले. तिकडे प्रत्येक भागाचे एक चर्च ठरलेले असते. त्या हद्दीत जन्मलेल्याचे नाव ठेवणे, लग्न, माती, सगळे तिथे. त्या हद्दीला पॅरिश म्हणतात. आपल्याकडे वस्तीला जसे एक विहार असते, बारसे, लग्न आणि शोकसभा सगळे एकाच छपराखाली, तसेच समजा.

लांबून पाहिले तर काही वेगळे वाटत नाही. नदीकाठी करड्या दगडाचा चौकोनी मनोरा, पाच-सहाशे वर्षांचा. खाली कबरी, गवत वाढलेले. अंगणात १६६५ च्या प्लेगचा खड्डा आहे. त्या एका साथीत गेलेली गावची १४९ माणसे एकत्र पुरली आहेत. एवढ्याशा गावात १४९! आमच्या आजोबांनी मुंबईच्या प्लेगात दोन भाऊ गमावले होते. घर सोडून माळावर झोपडीत राहिल्याच्या गोष्टी ते सांगायचे. तिथे मी थोडा वेळ टोपी काढून उभा राहिलो.

मग मनोऱ्याकडून आत गेलो, आणि आत आतच नव्हते. वर उघडे आभाळ. दोन बाजूंना जुन्या तांबड्या विटांच्या भिंती, त्यांत खिडक्यांच्या मोकळ्या जागा, काच नाही, चौकट नाही. छप्पर कुठेच नाही. माझ्या तोंडून निघून गेले, “पूर्ण खाली आलं होतं रे.”

पुतण्या काही बोलला नाही.

हा जो चौक आहे, तिथे पूर्वी चर्चचे सभागृह होते. त्याची हकिकत मजेदार आहे. सतराव्या शतकाच्या अखेरीस जुनी इमारत मोडकळीला आली. सेंट पॉलचे प्रचंड चर्च बांधणारा वास्तुशिल्पी क्रिस्टोफर रेन, त्याने हिच्यासाठी आराखडा काढला. गावच्या पंचांनी खर्चाचा अंदाज ऐकला आणि आराखडा बासनात गेला! ज्याने ज्याने विहाराच्या बांधकाम कमिटीत काम केले आहे, त्याला हे निराळे सांगायला नको. पुढे सर ऑर्लंडो जी नावाच्या गृहस्थाने मृत्युपत्रात पैसे ठेवले, तेव्हा रेनच्याच आराखड्यात काटछाट करून १७०६ च्या सुमारास इमारत उभी राहिली. ती २३७ वर्षे टिकली.

१९४३ च्या मे महिन्यात ती जळाली. वाचकांना वाटेल, युद्धाचा काळ, जर्मनांचा बॉम्ब पडला असेल. तसे नाही. लंडनवर सर्वांत भयंकर बॉम्बवर्षाव झाला तो १९४०-४१ मध्ये. त्यातून हे चर्च वाचले होते. ते जाळले दोन शाळकरी पोरांनी. आणि एवढ्यावर थांबले नाहीत. हाऊन्स्लोचे होली ट्रिनिटी नावाचे चर्च, जे पुतण्याच्या घराकडून बाजारात जाताना हाय स्ट्रीटवर लागते, तेही त्याच दिवसांत त्याच पोरांनी जाळले. त्या जागी जे नवे चर्च उभे आहे, त्याच्या पुढून मी आठ दिवस भाजीची पिशवी घेऊन जात होतो आणि मला पत्ता नव्हता.

मी त्या भिंती हात लावून पाहिल्या. अशा इमारतीची आग कशी चालते ते सांगतो. खालचे बाक, पडदे, पुस्तके पेटतात. धग वर जाते. छपराची वाळलेली लाकडे शंभर-दोनशे वर्षे जुनी, त्यांना काडीसुद्धा लागत नाही, नुसत्या उष्णतेने पेट घेतात. तुळया जळून बारीक झाल्या की सगळे छप्पर एकदम आत बसते. तो आवाज एकदा ऐकला की विसरत नाही. त्यानंतर आग खरी भडकते, कारण वरून वारा मिळतो. वीट मात्र भट्टीतूनच आलेली असते, तिला आगीचे भय कमी. म्हणून आगीनंतर पुष्कळदा हेच दिसते, चार भिंती उभ्या आणि मध्ये राख. मशीद बंदरच्या जुन्या गोदामांत हे मी कितीदा पाहिले आहे. दुसऱ्या दिवशी इंजिनिअर येतो, भिंत धोकादायक आहे म्हणतो, आणि तीही पाडतात.

इथे पाडली नाही. हेच मला पाहायला मिळाले.

पण लगेच बांधलेही नाही. १९४३ ला जळालेले चर्च पुन्हा पुरे झाले १९७० मध्ये. मधे २७ वर्षे! तोवर युद्ध संपले, आपला देश स्वतंत्र झाला, घटना झाली, नागपूरला दीक्षा झाली, बाबासाहेब गेले, आणि इकडे टेम्सकाठी हा मनोरा छपराशिवाय उभा. त्या २७ वर्षांत इथे जन्मलेल्या पोराने आपल्या गावचे चर्च पडकेच पाहिले असणार.

त्या काळात इंग्लंडमध्ये जळालेल्या चर्चचे काय करायचे हा मोठाच प्रश्न होता. कॉव्हेंट्री शहराचे मोठे चर्च १४ नोव्हेंबर १९४० च्या रात्री जर्मन विमानांनी जाळले. तिथे जुने अवशेष तसेच ठेवून शेजारी बेसिल स्पेन्स या वास्तुशिल्प्याने नवे बांधले, ते १९६२ मध्ये खुले झाले. जगभर त्याचे नाव झाले. शत्रूला क्षमा करण्याचे शब्द तिथल्या जळक्या भिंतीवर कोरले आहेत. त्यांना कमी लेखत नाही. पण माझ्या मनात आले, ज्यांनी जाळले ते समुद्रापलीकडे होते. आयझलवर्थची गोष्ट वेगळी. इथे जाळणारे आपलेच. त्यांच्या आया याच बाजारात पाव घ्यायला जात असणार. शत्रूने जाळले तर फलक लावता येतो, मदत मागता येते. घरच्याने जाळले तर खाली मान घालून राख उचलावी लागते.

नवे काम १९६७ मध्ये सुरू झाले. वास्तुशिल्पी मायकेल ब्ली. रेडिंगजवळचे डुएचे अर्धवट राहिलेले मठाचे चर्च १९९३ मध्ये पुरे केले तेही याच माणसाने. इथे त्याने जे केले ते सांगायला सोपे आहे, पण कमिटीला पटवायला सोपे गेले असेल असे वाटत नाही. जुन्याची नक्कल केली नाही. खोटे खांब, खोटी नक्षी काही नाही. आणि जुने पुसलेही नाही. मनोरा ठेवला. जळक्या इमारतीच्या भिंती ठेवल्या. जुन्या सभागृहाची मनोऱ्याकडची बाजू उघडीच सोडली, तोच हा चौक. आणि त्याच्या पुढे नव्या विटांची, सरळ रेषांची, आजच्या काळातली इमारत उभी केली. नवे विटेचे काम कुठे सुरू होते ते लहान पोरसुद्धा बोट ठेवून दाखवील. म्हणजे नव्या चर्चमध्ये जायचे तर जळालेल्या चर्चमधून जावे लागते. दुसरी बाजू काढता आली असती. बायकांना पावसात भिजावे लागू नये म्हणून मी असतो तर चौकावर पत्रे टाकले असते! पण नाही टाकले.

प्रार्थना संपून तासभर झाला होता. दोन-चार म्हातारी माणसे चहाचे कप आवरत होती. एक बाई, ऐंशीच्या पुढच्या असाव्यात, त्यांनी आम्हांला बसवले आणि चहा दिला. आम्ही ख्रिस्ती नाही हे पुतण्याने सांगितले, तर म्हणाल्या, चहासाठी त्याची गरज नाही. आत भपका नव्हता. साधी वीट, लाकूड, उजेड. आपल्याकडच्या जुन्या गिरण्यांच्या खात्यात जसा वरून सारखा उजेड यायचा, त्याची आठवण झाली. मी सवयीप्रमाणे दुसरा दरवाजा शोधला. होता.

आता जे लिहितो ते लिहावे की नाही याचा मी विचार केला. पुतण्याला फोन करून विचारले. तो म्हणाला, “लिहा. नाव घालू नका म्हणजे झालं.”

१९८५ साली आमच्या वस्तीत विहार होते ते बांबू, तट्ट्या आणि वर पत्रे, असे. बुद्ध पौर्णिमेला आठेक दिवस होते. मी रात्रपाळीला. साडेदहाच्या सुमारास घंटा झाली, वर्दी आली, आम्ही बंबावर चढलो आणि साहेबांनी पत्ता वाचला. तो माझ्या घराचा पत्ता होता. त्या सात-आठ मिनिटांत काय वाटले ते सांगता येत नाही. पोहोचलो तेव्हा घरे वाचली होती, माणसे वाचली होती. विहार गेले होते. मूर्ती तडकलेली. बाबासाहेबांचा मोठा फोटो, भजनी मंडळाची पेटी, ढोलकी, आणि वस्तीतल्या पोरांसाठी एकेक करून जमवलेल्या पुस्तकांचे कपाट, सगळे कोळसा. मीच ब्रँच धरून त्यावर पाणी मारले. पुस्तके विझायला फार वेळ लागतो. बाहेरून विझली वाटतात, आतून पेटलेली असतात.

सगळ्यांनी आपापल्या मनाने ठरवले की बाहेरच्यांनी जाळले. तसे वाटायला कारणेही होती. दोन दिवस वस्तीत तरुण पोरे काठ्या घेऊन बसली. काही विपरीत घडले असते तर आज मी हे लिहायला बसलो नसतो.

तिसऱ्या दिवशी माझा अकरा वर्षांचा पुतण्या आजीच्या कुशीत शिरून रडला. तो आणि त्याचा एक दोस्त, दोघे विहारात मागच्या बाजूने शिरले होते. चोरून आणलेली बिडी ओढायची म्हणून मेणबत्ती पेटवली. ती तट्ट्याला लागली. दोघे पळाले.

माझ्या आईला अक्षर येत नव्हते. ती नातवाचा हात धरून पंचकमिटीच्या बैठकीत गेली आणि म्हणाली, विहार आमच्या पोरानं जाळलं. नंतर जे झाले ते तुम्ही समजू शकता. कुणी म्हणाले पोलिसांत द्या. कुणी म्हणाले दोन्ही घरांना वाळीत टाका, यांच्या कार्याला जाऊ नका, यांना बोलावू नका. मी मान खाली घालून बसलो होतो. खात्यात मला धीट समजत. त्या दिवशी एक शब्द निघाला नाही. आईच उभी राहिली. म्हणाली, “वाळीत टाकणं काय असतं ते माझ्या बापानं भोगलंय. पाण्याला लांब उभा राहायचा. ते आता तुम्ही मला शिकवणार? पोरांना विटा उचलायला लावा.”

त्या पावसाळ्यात आणि पुढच्या उन्हाळ्यात दर रविवारी माझा पुतण्या विटा आणि वाळूची घमेली वाहत होता. विहार पक्के झाले. त्याने नंतर बिडीला हात लावला नाही, पण वंदनेला बसला तर मागच्या रांगेत. मला वाटायचे कंटाळा असेल.

दुसऱ्या मुलाचे आईबाप बैठकीच्या आधीच रातोरात खोली सोडून गेले. कुठे गेले ते आम्हांला कळले नाही. आम्ही फार शोधलेही नाही, हेही खरे.

तर चहा घेऊन आम्ही पुन्हा त्या चौकात आलो. पुतण्या भिंतीशी गेला आणि एकेक दगड, एकेक पाटी वाचू लागला. मला वाटले इतिहास वाचतो आहे. बराच वेळ फिरला. मग येऊन म्हणाला, “ज्यानं पैसे दिले त्याचं नाव आहे. मेलेल्यांची नावं आहेत. त्या दोघांची कुठं नाहीत.”

मी म्हणालो, “त्यांची कशी असतील?”

“बरं केलं,” तो म्हणाला. मग थोड्या वेळाने, “मी इथं पाच-सहा वेळा आलोय, काका. एकटाच. दर वेळी वाटतं आज सापडतील.”

तेवढ्यात ऊन गेले आणि बारीक पाऊस आला. छत्री नव्हती. आम्ही मनोऱ्याच्या कमानीखाली जाऊन थांबलो. चौकात पाऊस पडत होता, जुन्या विटा भिजून गडद होत होत्या, नव्याही होत होत्या. चहावाल्या बाई हातात छत्री घेऊन दाराशी आल्या आणि लांबूनच आम्हांला खुणेने विचारू लागल्या, हवी का? पुतण्याने हात जोडले, नको म्हणाला.

“आईला हे दाखवायला पाहिजे होतं,” मी म्हणालो.

“आजी म्हणाली असती, एवढी जागा उघडी ठेवलीय, पापड वाळवायला बरी आहे.”

दोघेही हसलो. पाऊस थांबेना, तेव्हा तसेच निघालो. बस यायला नऊ मिनिटे होती. थांब्यावर त्याने मला विचारले, “त्या दिवशी ब्रँच तुमच्याच हातात होती ना?”

मी हो म्हणालो. चौतीस वर्षांत त्याने हे पहिल्यांदा विचारले.